गच्ची, गाडी आणि नोकरीचा आठवडा

ज्यांचे घर अमरावतीस आणि नोकरी अकोल्यास आहे, किंवा ज्यांचा संसार अकोल्याच्या जठारपेठेत आणि कचेरी अमरावतीच्या कॅम्प भागात आहे, अशा कुटुंबांची संख्या आपल्या वऱ्हाडात थोडी नाही. पाच जिल्ह्यांच्या महसुली विभागाचे मुख्य ठिकाण अमरावती असून १९८३ साली स्थापन झालेले विद्यापीठही तेथेच आहे. १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ मात्र अकोल्यास. शिवाय बँका, न्यायालये, महाविद्यालये दोन्हीकडे; आणि या दोन शहरांमधील अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचे, म्हणजे बिऱ्हाड हलविण्याइतके लांब नव्हे आणि दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन येण्याइतके जवळही नव्हे. अशा रीतीने नित्य अप-डाऊन करणाऱ्या गृहस्थाच्या किंवा गृहिणीच्या वाट्याला, उन्हाळ्याच्या अखेरीस, घराची गच्ची दुरुस्तीला काढण्याची आणि गाडी नादुरुस्त होण्याची आपत्ती एकाच आठवड्यात आली, तर तिची तजवीज कशी लावावी, याचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

या दोन अडचणी एकदम येतात तेव्हा मनुष्य दैवाला बोल लावतो. परंतु त्यांचे कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे आपल्याकडचे ऊन. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला म्हणजे दिवसभर तापून प्रसरण पावणारा आणि रात्री आकुंचन पावणारा स्लॅब आपल्या जुन्या भेगा रुंदावून घेतो. घराखालची काळी माती ओलावा गमावून आक्रसते आणि पाया असमान बसल्याने भिंतींना तडे जातात. तेच ऊन गाडीच्या बॅटरीतील रासायनिक क्षय वेगाने घडवून आणते, रेडिएटरच्या रबरी नळ्या कडक करते, आणि तापलेल्या डांबरावर झिजलेल्या टायरची अखेरची परीक्षा घेते. तेव्हा वळवाचा पहिला शिडकावा होऊन छताला ओल दिसावी आणि त्याच सकाळी गाडीने सुरू होण्यास नकार द्यावा, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. याचाच अर्थ असा की, ही आपत्ती पुष्कळ अंशी आधी ओळखता येण्याजोगी आहे, आणि चैत्रातच एक रविवार गच्ची झाडून भेगा पाहण्यात व एक सकाळ गाडीची बॅटरी, पट्टा, टायर आणि कूलंट तपासून घेण्यात घालविली, तर प्रस्तुत लेखाची गरजही अनेकांना पडणार नाही. ज्यांनी ती वेळ दवडली आहे त्यांच्यासाठी पुढील मजकूर.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अशा आठवड्यात खरी टंचाई पैशापेक्षाही आपल्या उपस्थितीची असते. पैसा उसना मिळतो, हप्त्याने देता येतो. आपली हजेरी मात्र कोणी उसनी देत नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना शनिवार-रविवारची सुट्टी मिळू लागली हे खरे, परंतु त्याबरोबरच कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली; आणि गवंडी कामावर येतो, गॅरेज उघडते, हार्डवेअरच्या दुकानात सामान मिळते, तोही सारा काळ नेमका हाच. सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाला गवंड्याचे थापीचे काम दिसत नाही आणि मेकॅनिकने उघडलेले इंजिनही दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ वरून गुळगुळीत झालेला गिलावा आणि बंद झालेले बॉनेट. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, रजा असेल, अर्धी रजा असेल किंवा सुट्टीचा वार असेल, आपली उपस्थिती अशाच घटकेला खर्च करावी, जिच्यानंतर केलेले काम झाकले जाणार आहे. भेग खणून मोकळी केल्यावर आणि ती भरण्यापूर्वी. पाइप जोडल्यावर आणि भिंत बंद करण्यापूर्वी. गाडीचा निकामी भाग काढल्यावर आणि नवा बसविण्यापूर्वी आपण तेथे असावे. उरलेल्या वेळी आपण नसलो तरी चालते.

संकट लक्षात येताच त्याच संध्याकाळी एक याद करावी, आणि तिच्यात घरातील व गाडीतील सर्व दोष एकत्र लिहावेत. घराची याद निराळी आणि गाडीची निराळी केल्यास प्रत्येक यादीतील पहिले काम पहिलेच वाटते आणि मन द्विधा होते. या यादीचा क्रम कोणता दोष डोळ्यांत जास्त खुपतो यावरून लावू नये. कोणता दोष जिवाला अपाय करील आणि कोणता दर दिवसागणिक वाढेल, एवढ्याच दोन कसोट्या लावाव्यात. छताची ओल विजेच्या बटणांच्या पाटीपर्यंत किंवा पंख्याच्या हुकापर्यंत उतरली असेल, तर त्या खोलीचा एमसीबी उतरवून ठेवणे आणि वायरमनला बोलावणे हे सर्वांआधी. ब्रेक खाली जात असेल तर गाडी जागची न हलविणे हेही तितकेच आधी. त्यानंतर गळणारा स्लॅब, कारण पाणी सळईपर्यंत पोचले की लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. त्यानंतर इंजिन तापणे. स्नानगृहाची उचकटलेली फरशी, दाराला आलेला पोचा, रंगाचे फुगवटे, काचेचा कर्कश आवाज या सर्व गोष्टी दिवाळीपर्यंत थांबू शकतात, आणि त्या थांबवाव्यात. एकदा गवंडी आलाच आहे तर हेही उरकून घेऊ, या मोहाने तीन दिवसांचे काम तीन आठवड्यांचे झाल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतील.

काळ्या मातीमुळे भिंतीला गेलेले तडे हे या यादीतून तूर्त वगळण्याच्या कामांत मी मुद्दाम घालतो, कारण त्यांच्याविषयी गैरसमज फार आहे. आपल्या रेगूर जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे मे महिन्यात रुंद दिसणारा तडा श्रावणात अरुंद होतो. तो ऐन उन्हाळ्यात सिमेंटने गच्च भरला, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीने उचललेल्या भिंतीला सरकायला जागा राहत नाही आणि ती शेजारी नवी भेग पाडते. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी, रुंदी मोजून लिहावी आणि एक संपूर्ण पावसाळा त्याचे वर्तन पाहावे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि करंगळी शिरेल इतकी रुंद झालेली भेग मात्र गवंड्याच्या हाती न देता स्थापत्य अभियंत्याला दाखवावी. दरम्यान घराभोवती तीनेक फूट रुंदीची पक्की पट्टी असेल आणि गच्चीचे पाणी पायाशी न साचता दूर जाईल एवढे पाहिले, तरी अर्धे काम झाले.

आता गाडीचा प्रश्न. ती वाटेतच बिघडली तर काय करावे, हे आधी सांगतो. मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूच्या आसपास दुपारच्या वेळी तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करून, गैरसोय सोसून, हीटर पूर्ण चालू करावा, त्यामुळे इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते. आणि सुरक्षित जागा दिसताच, वाहत्या मार्गिकेपासून जितके दूर जाता येईल तितके जाऊन, थांबावे. लाल परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा आणि माणसांनी गाडीत न बसता रस्त्याच्या कडेला पलीकडे उभे राहावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पुरते निवाल्याशिवाय उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने ते उसळून चेहरा भाजतो, आणि असे अपघात घाईपायीच होतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मदत मिळते. अपघात असेल तर ११२ किंवा १०८. विमा पॉलिसीत रस्त्यावरील मदतीचे कलम घेतलेले आहे की नाही, आणि त्याचा क्रमांक कोणता, हे घरी बसून पाहून ठेवावे. गाडी टोचन करून न्यावयाची झाल्यास, ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोराने ओढू देऊ नये. ती वाहनावर चढवूनच न्यावी. वाटेतल्या गावात भेटेल त्या मिस्त्रीकडून गाडी सुरक्षित ठिकाणी पोचेल एवढेच काम करून घ्यावे. इंजिन उघडण्यासारखे मोठे काम अनोळखी ठिकाणी सुरू केले, म्हणजे गाडी एका गावी, घर दुसऱ्या गावी आणि नोकरी तिसऱ्या गावी अशी अवस्था होते.

मग मोठे काम कोठे करावे? येथे अनेकांचा कल घरच्या गावातील ओळखीच्या गॅरेजकडे असतो, आणि तो सामान्य दिवसांत योग्यही आहे. परंतु ज्या आठवड्यात घरी गवंडी लागला आहे, त्या आठवड्यात गाडी नोकरीच्या गावी दुरुस्तीस टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण दिवसा आपण तेथेच असतो. गॅरेजचे तास आणि कचेरीचे तास जुळतात, मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे जाऊन उघडलेला भाग डोळ्यांनी पाहता येतो, आणि संध्याकाळी गाडी मिळाली तर तीच घेऊन घरी येता येते. ओळखीचा मेकॅनिक नसेल तर कचेरीतील एखादा स्थानिक सहकारी दोन खात्रीची नावे सांगू शकतो, आणि त्या परिचयाचा उपयोग होतो. यात घर आणि गाडी यांच्यात आपली उपस्थिती आपोआप वाटली जाते: दिवसाचा वेळ गाडीला, सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीचे वार घराला.

गाडी गॅरेजमध्ये असताना येण्याजाण्याची सोय ही फार मोठी अडचण नाही, कारण आपण मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहोत. बडनेरा ते अकोला हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ८० किलोमीटर, आणि मासिक सीझन तिकीट १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळते. मात्र ते आरक्षित डब्यात चालत नाही आणि सुपरफास्ट गाडीस वेगळा अधिभार पडतो. अमरावतीचे स्थानक फाट्यावर असल्याने तेथून गाड्या कमी, तेव्हा दुचाकी बडनेऱ्याच्या वाहनतळावर ठेवणे सोयीचे. एसटी हा दुसरा मार्ग आहेच. गाडी दोन दिवसांत मिळणार असे मेकॅनिक सांगत असला तरी चार दिवसांची व्यवस्था मनाशी धरून चालावे. सुटा भाग बाहेरून मागवावा लागला की मुदत वाढते, आणि रोज सकाळी नव्याने सोबत शोधत फिरण्यापेक्षा आधीच ठरलेली गैरसोय पुष्कळ सुसह्य असते.

गॅरेजमध्ये चार गोष्टींचा आग्रह धरावा. दुरुस्तीचा अजमास लेखी घ्यावा. अजमासापलीकडचे काम आपल्याला फोनवर छायाचित्र पाठवून, आपली संमती आल्यावरच करावे असे बजावावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. आणि पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेचे बिल देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बॅटरी बदला असे सांगितले गेले तर आधी मोजमाप करून घ्यावे. विश्रांतीत असलेल्या निरोगी बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असता तो १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असण्याचा संभव अधिक, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. कधी नुसत्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी साफ केल्याने गाडी सुरू होते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर मात्र काटकसर करू नये, आणि स्टेपनीत हवा आहे की नाही हे त्याच वेळी पाहावे. पावसाळ्यात याच रस्त्यावरून परतावयाचे आहे.

रेडिएटरमध्ये काय घालावे, याविषयी वऱ्हाडातील वाचकांना वेगळे सांगितले पाहिजे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथील बोअरचे खारे पाणी वाटेत बाटलीभर घेऊन रेडिएटरमध्ये ओतले, तर त्यातील क्षार धातू खातात आणि अरुंद नळ्या बुजवितात. कूलंटची आणि शुद्ध केलेल्या पाण्याची एकेक बाटली गाडीत कायम असावी.

हेच खारे पाणी घराचाही घात करते, आणि दुरुस्तीच्या कामात सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब ती हीच. सिमेंट कालवायला, विटा भिजवायला आणि केलेल्या कामावर मारायला जे पाणी आपण वापरतो, त्यातील क्षार गिलाव्यात जाऊन बसतात. पाणी उडून गेल्यावर ते पृष्ठभागावर पांढरे उमटतात, भिंतीला लोणा लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत गिलावा हाताने सुटू लागतो. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. जे पाणी जिभेला खारट लागते ते स्लॅबच्या कामास लावूच नये. आता अमरावतीस अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्यास काटेपूर्णेच्या महान येथील धरणाचे गोडे पाणी नळाला येते. पण ते उन्हाळ्यात रोज येत नाही, अकोल्यास तर मध्ये कित्येक दिवस जातात. म्हणून काम सुरू करण्याची तारीख गवंड्याच्या सोयीने न धरता नळाच्या पाळीने धरावी. पाणी यावयाच्या आदल्या दिवशी तोडफोड उरकलेली असावी, आणि पाणी येताच पिंप, टाकी, हौद, जे जे असेल ते भरून ठेवून माल कालवावा. शेजाऱ्याची रिकामी टाकी आठ दिवस मागून घेण्यात संकोच नसावा.

गच्चीच्या कामाचा क्रम समजून घेतला म्हणजे रजा कोठे घालावी हे आपोआप उमगते. प्रथम जुना फुटका कोबा काढून भेगा मोकळ्या करावयाच्या. वरवर सिमेंटचे पाणी फिरविल्याने भेग बुजत नाही, ती छिन्नीने रुंद व खोल करून, धूळ काढून, योग्य द्रव्याने भरावी लागते. त्यानंतर पाणी जाण्याचा पाइप जेथे स्लॅबमधून उतरतो ती जागा आणि कठडा जेथे स्लॅबला मिळतो ती रेघ. बहुसंख्य गळती या दोनच ठिकाणांची असते, मधल्या मैदानाची नसते. कठड्याच्या मुळाशी गोलसर वाटा काढून घ्यावा, म्हणजे कोपऱ्यात पाणी तुंबत नाही. मग वॉटरप्रूफिंगचा थर, मग नवा कोबा, आणि त्याला पाइपाच्या दिशेने शंभर फुटांस एक फूट या हिशेबाने उतार. कोबा पडण्यापूर्वी भेगा व तोंडे भरून झाली की तेथे दोन दिवस पाणी तुंबवून खालच्या खोलीतून छत तपासावे. गवंडी हा वेळ वाया गेला असे म्हणेल, परंतु या दोन दिवसांची सूट कोणालाही देऊ नये.

याप्रमाणे शनिवारी तोडफोड आणि भेगा मोकळ्या करणे आपल्या देखत व्हावे, रविवारी त्या आपल्यासमोर भरल्या जाव्यात, भरलेला माल घट्ट झाला की सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर पाणी तुंबवावे. मंगळवार-बुधवार आपण निश्चिंतपणे अकोल्यास असावे आणि याच दोन दिवसांत गाडीचे काम मार्गी लावावे. गुरुवारी सकाळची अर्धी नैमित्तिक रजा घेऊन वॉटरप्रूफिंगचा थर आणि उताराची दोरी पाहावी, आणि कोबा पडत असता कचेरी गाठावी. अर्धी रजा पुरते ती अशी. वरिष्ठांना मात्र ही गोष्ट आदल्या आठवड्यात सांगून ठेवावी. ऐन वेळच्या निरोपापेक्षा आगाऊ दिलेल्या इतल्ल्याचा मान सर्वत्र राहतो.

कोबा पडला म्हणजे काम संपले नाही, खरे तर त्याचा महत्त्वाचा भाग तेथून सुरू होतो. जून २०२२ मध्ये आपल्याच महामार्गावर, लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान, एकेरी मार्गिकेच्या मोजणीने ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे झाले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली; पाळीपाळीने राबणारी शेकडो माणसे आणि आधी रचून ठेवलेली सामग्री यांच्या बळावर ते साधले. सामग्री आधी रचण्याचा धडा त्यातून जरूर घ्यावा. वेगाचा मात्र घेऊ नये, कारण डांबर निवले की वाहतुकीस तयार होते आणि सिमेंटला मात्र आपली मुदत लागतेच. साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस आणि आपल्या कोरड्या, तापलेल्या हवेत दहा दिवस ओलावा टिकवावा लागतो. बाजारात आज बहुतेक पोती राख मिसळलेल्या सिमेंटची असतात, त्यांच्यासाठी अशा हवेत चौदा दिवस धरावेत. सकाळी बादलीभर पाणी शिंपून गेलो की कर्तव्य झाले, असे अप-डाऊन करणाऱ्यांना वाटते. पण अकोल्याच्या उन्हात ते पाणी तासाभरात उडून जाते. गच्चीवर मातीचे किंवा सिमेंटचे लहान बांध घालून, चौकटी पाडून, त्यांत पाणी उभे ठेवावे, म्हणजे सकाळी आणि रात्री एकेकदा भरले तरी पुरते. भिंतीचा गिलावा असेल तर त्यावर ओले गोणपाट सोडावे. हे पाणी कोणी मारावयाचे, गवंड्याच्या माणसाने की घरच्याने, हे करारातच लिहावे, कारण ते न लिहिल्यामुळेच बहुतेक कामे वाया जातात.

करार म्हटल्यावर वकिलाची गरज नाही. वहीच्या एका पानावर कामाचे वर्णन, मोजमाप, दर, मुदत, सामान कोणाचे, पाणी कोणी मारावयाचे आणि पैसे कसे द्यावयाचे एवढे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की पुरे. आपण दिवसा घरी नसताना रोजंदारीवर काम देणे हे आपल्याला आणि कामगारालाही अडचणीचे. मोजलेल्या कामाचा मक्ता द्यावा आणि सामान स्वतः आणावे. वाळू ब्रासच्या हिशेबाने येते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा ट्रॉलीची मापे घेण्याचे काम घरच्या कोणीतरी करावे. गेल्या वर्षीचे उरलेले पोते वापरू नये. तीन महिन्यांवर साठवलेल्या सिमेंटची ताकद घटत जाते. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांचा चुकारा व्हावा लागतो. तो थकवू नये. ज्याच्या घरी त्या पैशावर आठवड्याचा किराणा येतो, त्याला सोमवारी या म्हणणे अन्यायाचे आहे, आणि जो मालक चुकारा वेळेवर करतो त्याच्याकडे पाऊस तोंडावर आला तरी माणसे येतात.

कामाच्या वेळेविषयी एक सूचना मनापासून करावीशी वाटते. मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर माणसाला राबविणे हे क्रौर्य आहे, आणि त्या उन्हात पडलेला कोबाही चिरतो. सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि मग चारनंतर, अशी वेळ ठरवावी. त्यात मजुराचे आरोग्य राखले जाते, सिमेंटचे हित होते, आणि साडेसातला बाहेर पडणाऱ्या आपल्यालाही दिवसाचे काम तासभर डोळ्यांखालून घालता येते. गच्चीवर सावलीची ताडपत्री आणि गार पाण्याचा माठ हे सामानाच्या यादीत वाळू-सिमेंटाइतक्याच हक्काने असावेत. मृग लागला आणि जमिनीला घात आली की यांतील पुष्कळ माणसे पेरणीसाठी गावी जातात. ते त्यांचे पहिले कर्तव्य असल्याने त्याबद्दल कुरकुर न करता जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत काम संपेल असाच बेत करावा.

आपल्यामागे घरी जे कोणी असेल, वृद्ध आई-वडील असोत किंवा शाळेची सुट्टी लागलेला मुलगा असो, त्याच्यावर नुसती जबाबदारी टाकून अधिकार न देणे ही फार मोठी चूक होय. अमुक रकमेपर्यंतचा खर्च त्यांनी न विचारता करावा, त्यापुढे फोन करावा. भेग भरण्याचा विषय असेल तर काम थांबवावे, अशी स्पष्ट मुखत्यारी द्यावी. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील तर एकाने घर आणि एकाने गाडी संपूर्णपणे आपल्याकडे घ्यावी. पुष्कळ घरांत दोन्ही कामांचे ओझे, शिवाय मजुरांचा चहा, शिवाय रात्री धुळीने भरलेल्या स्वयंपाकघराची सफाई, असे सारे गृहिणीवर पडते, आणि तिची नोकरी जणू नसल्याप्रमाणे सर्व बेत आखले जातात. त्या आठवड्यात जेवणाचा डबा बाहेरून लावणे हाही दुरुस्तीचा खर्चच समजावा.

काम अर्धे असताना पाऊस आला तर नव्या कोब्यावर ताडपत्री थेट न पसरता बल्ल्यांवर उतरती बांधावी आणि पाइपाचे तोंड मोकळे ठेवावे. पावसात गाडी काढण्याची वेळ आलीच, तर पुलाखालच्या तुंबलेल्या पाण्यात ती घालू नये. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने त्याचे दांडे वाकतात आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा धरले जात नाही.

गच्चीच्या मक्त्याचा शेवटचा हप्ता, निदान एक दशांश रक्कम, पहिला भरपूर पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावी, आणि हे करारात आधीच नमूद असावे. पाऊस झाला की त्याच दिवशी खालच्या सर्व खोल्यांचे छत, विशेषतः पाइपाभोवती, तपासावे. कोरडे असेल तर दुसऱ्या दिवशी बाकी चुकती करावी, ओल असेल तर त्या जागेचे छायाचित्र तारखेसह ठेवून गवंड्याला दाखवावे. गॅरेजचे बिल, सामानाच्या पावत्या, करार आणि ही छायाचित्रे एका पाकिटात घालून दोन वर्षे सांभाळावीत, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तेवढी असते. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा आयोग अमरावती व अकोला दोन्हीकडे आहेत.